नळदुर्गचा साहेब आणि तुळजापूरची तारा

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे पाहायला गर्दी होते. पाणीमहालाच्या भिंतीवरून बोरी नदी कोसळते, लोक भिजतात, फोटो काढतात आणि परततात. याच नळदुर्ग भागाचा कारभार १८५३ पासून १८५७ पर्यंत पाहणाऱ्या एका साहेबाने इथल्या मातीतली प्रेमाची आणि रहस्याची एक भली मोठी कादंबरी लिहिली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

साहेबाचे नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पोरसवदा वयात हिंदुस्थानात आला आणि १८२४ मध्ये निजामाच्या चाकरीत लागला. पत्नी हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. पामर यांच्या आई फैज बक्श मुसलमान होत्या. म्हणजे दोन धर्मांचे नाते साहेबाच्या घरातच होते. सुरपूरकडच्या लोकांनी तर ‘मेडोज’चे ‘महादेवबाबा’ करून टाकले!

टेलरची १८३९ ची ठगांवरची कादंबरी जगभर गाजली. तिचा नायक अमीर अली वाटसरूंशी गोड बोलतो, सोबत करतो आणि रुमालाने गळा आवळतो. पुढे त्याला कळते, की ज्याला आपण बाप म्हणत आलो, त्यानेच आपल्या आईबापांचा जीव घेतला. आपल्या हातून मेलेली एक बाई तर सख्खी बहीण निघते. जन्मभर दुसऱ्यांना फसवणाऱ्याला स्वतःचीच ओळख ठाऊक नव्हती.

१८६३ मध्ये आलेली ‘तारा’ मात्र आपल्या तुळजापूरची. काळ अफझलखानाच्या स्वारीचा. तारा ही व्यासशास्त्र्यांची बालविधवा मुलगी. मोरो त्रिमल तिच्यामागे वेडा झालेला. ती नको म्हणते, तसतसा त्याचा हट्ट वाढतो. दुसरीकडे अफझलखानाचा मुलगा फाजल. त्याचाही जीव तिच्यावर जडतो. कारस्थाने, वेषांतरे, दरोडेखोर असे सगळे काही आहे, आणि शेवटी चितेपर्यंत पोहोचलेली तारा वाचते व फाजलची होते.

साहेब इंग्रज वाचकांसाठी लिहीत होता. मुरळी, सती, जनानखाना यांचा मसाला त्याने सढळ हाताने घातला आहे. फाजलखान इतिहासात आहे, तारा नाही. तेव्हा कादंबरीला इतिहास समजून कोणी भांडायला उठू नये.

पण एक गोष्ट त्याने बरोबर हेरली. मोरो ताराच्याच जातीचा, तिच्या सावत्र आईचा सख्खा भाऊ, घरात जाण्यायेण्याचा हक्क असलेला. धोका त्याच्यापासून होता. आधार परक्या छावणीत मिळाला. आजही दोन धर्मांतल्या मुलामुलीचे जमले, की गावाचा पहिला प्रश्न असतो, ‘यात डाव कोणाचा?’ आडनाव पाहिले, की आपला तपास संपतो. मुलीला काय हवे आहे, हे विचारायचे राहूनच जाते. कादंबरीतल्या मोरोनेही ते कधी विचारले नाही.

माणूस कोणाच्या पोटी जन्मला, हे कागदावर सापडते. तो कोणाचा ‘नाही’ हा शब्द ऐकून मागे सरतो का, हे वागण्यातच दिसते. मला वाटते, माणसाची खरी ओळख तीच.