पोळी, पाव आणि डॉक्टर डिके

पोट फुगते, सारखे गुडगुडते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग गळून गेल्यासारखे वाटते, अशी तक्रार आपल्याकडच्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून बरेचदा ऐकू येते. ‘बाहेरचे खाणे कमी कर’ हा घरचा सल्ला ठरलेला. कारणे अनेक असू शकतात: लोहाची कमतरता, थायरॉईड, दूध न पचणे, जंत. पण एका कारणाचा संबंध थेट आपल्या पोळीशी आहे आणि त्याच्या शोधाची कथा ऐकण्यासारखी आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सीलिअॅक हे त्या आजाराचे नाव. लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी 1888 साली त्याचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले आणि उपाय झालाच तर तो आहारातूनच होईल असे बजावले. कोणत्या आहारातून, हे मात्र त्यांना उमगले नाही. 1924 साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवले आणि मुले सुधारली. श्रेय मिळाले केळ्यांना! पाव बंद झाला होता, इकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचे. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुले मात्र सुधारली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिने डिके यांच्यावर थोडा अन्यायच होतो. 1941 सालीच त्यांनी या आहाराविषयी लिहिले होते. दुष्काळाने त्यांच्या संशयाला बळ दिले इतकेच. 1950 साली उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गव्हावरचा आरोप सिद्ध केला. 1952 साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी खरा गुन्हेगार दाखवला: ग्लूटेन, म्हणजे कणीक धुतल्यावर हाती उरणारा तो चिवट गोळा.

तरीही हा लहान मुलांचा आणि गोऱ्या लोकांचा आजार, ही समजूत चिवट निघाली. वास्तविक 1954 सालीच डॉ. पॉली यांनी प्रौढ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरातील बिघाड दाखवला होता. आतड्यातले रसांकुर झिजले की लोह शोषले जात नाही, रक्त कमी होते आणि माणूस दमतो. कित्येकांची पोटाची तक्रार तर नावालाच असते. उत्तर भारतातल्या गहू खाणाऱ्या प्रांतांतही हा आजार चांगलाच आढळतो.

वाचकहो, संशय आला म्हणून लगेच पोळी बंद करू नका. गहू सोडल्यावर केलेली रक्ततपासणी फसवी निघू शकते. आधी तपासणी, मग पथ्य. निदान झालेच तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. गव्हासोबत रवा, शेवया आणि सातूचे पीठ मात्र वर्ज्य. आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे जरूर वाचा, कारण बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.