दुआ कोणाकडे मागत होते?

आमच्या उर्दू शाळेची सहल दरवर्षी थंडीत निघते. पालकांकडून फार पैसे मागता येत नाहीत, म्हणून सहल तालुक्याबाहेर सहसा जात नाही. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली आणि १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी दाखवून झाली होती. खोपोलीचा नाना फडणवीसांचा तलावही झाला होता. मग काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की, या वेळी कोंढाण्याची लेणी पाहायची. एस.टी.ने कोंदिवड्यापर्यंत जायचं आणि तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून चढायचं. मुलं खूश होती. डबे खाण्यासाठी एवढी सावलीची जागा त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

चैत्यगृहासमोर मुलं बसली तेव्हा आम्ही पाठ केलेली माहिती सांगितली. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांची वाट इथून जवळ होती. आत स्तूप आहे, बाजूला भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, दगडात लाकडासारखं काम केलं आहे, वगैरे. आमचं सांगून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, ये लोग दुआ किससे माँगते थे?"

आम्ही म्हणालो, "बेटा, हे लोक सृष्टी निर्माण करणारा कोणी एक खुदा आहे, असं मानत नव्हते."

"तो फिर पहाड़ में आके करते क्या थे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बी.एड. केलं आहे आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी हेही शिकलो आहोत. शाबासकी दिली आणि वेळ मारून नेली. पण तो प्रश्न आमच्याबरोबर डोंगर उतरला आणि आजही तो आमच्या घरातच आहे.

परत आल्यावर दुसरी गोष्ट घडली. एक पालक शाळेत आले. माणूस सज्जन, पाचवक्ता नमाजी. ते शांतपणे म्हणाले, "सर, बच्चों को बुतख़ाने में क्यों ले गए?" आमचे एक सहकारीही त्यांच्या बाजूने बोलले. आम्ही म्हणालो की, तो इतिहास आहे, सरकारी पुस्तकात आहे. तेवढ्यावर विषय मिटला. पण मिटला तो फक्त शाळेच्या दप्तरी. आम्ही उर्दू शिकवतो, आणि 'बुत' हा शब्द तर रोजच्या गझलांतला. तो कुठून आला, याचा शोध घ्यायला आम्ही त्या दिवसापासून लागलो.

वाचकहो, हा शब्द 'बुद्ध' या नावावरूनच फारसीत आला आहे. मध्य आशियात आणि आजच्या अफगाणिस्तानात इस्लाम पोहोचला तेव्हा तिथे बौद्ध विहार भरात होते. त्या भागातल्या लोकांनी बुद्धाच्या मूर्तीला जे म्हटलं त्याचंच 'बुत' झालं, आणि पुढे कुठल्याही मूर्तीला तोच शब्द लागला. गंमत अशी की, कोंढाण्यात बुद्धाची मूर्तीच नाही. ते लेणं मूर्ती घडवण्याची चाल पडण्याच्या आधीचं. दर्शनी भागावर माणसांच्या आकृत्या आहेत, यक्षाच्या मोठ्या पुतळ्याचा तुटका अवशेष आहे, पण ज्याच्यासमोर भिक्खू बसत तो नुसता दगडी स्तूप. म्हणजे आम्ही मुलांना ज्या बुतखान्यात नेलं त्यात बुतच नव्हता! हे आम्ही त्या पालकांना अजून सांगितलेलं नाही. भेटले की सांगू.

शब्दाचा धागा धरून आम्ही पुढे गेलो तर आपल्याच घराची माणसं भेटू लागली. हारून रशीदचे बरमकी वजीर अलिफ लैलाच्या गोष्टींमुळे सर्वांना माहीत आहेत. त्यांचे पूर्वज बल्ख येथल्या 'नवबहार'चे प्रमुख होते, आणि नवबहार म्हणजे 'नव विहार'. 'बरमक' हे नावसुद्धा संस्कृत 'प्रमुख' शब्दावरून आलं असं विद्वान मानतात. ८०३ साली हारूनने या घराण्याचा नाश केला. पण त्याआधी बगदादमध्ये हिंदी वैद्यक आणि हिंदी विद्या आणवण्यात या लोकांचा मोठा हात होता. गौतम बुद्धाची राजवाडा सोडण्याची कथाही अरबीत 'बिलौहर आणि बुदासफ' या नावाने गेली. बुदासफ म्हणजे बोधिसत्त्व. तीच कथा पुढे युरोपात गेली आणि ख्रिस्ती लोकांनी नकळत बुद्धाला आपल्या संतांच्या यादीत बसवलं.

सर्वांत जास्त नवल आम्हाला शहरस्तानीचं वाटलं. बाराव्या शतकातला हा मुस्लिम आलिम. त्याने जगातल्या धर्मांवर आणि पंथांवर 'किताब अल्-मिलल वन्-निहल' हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्तानातल्या बौद्धांची माहिती देताना बुद्धाची तुलना कोणाशी करता येईल, असा प्रश्न त्याच्यासमोर आला, आणि त्याने नाव घेतलं खिज़्रचं. हजरत मूसांना वाट दाखवणाऱ्या, समुद्राकाठी भेटणाऱ्या खिज़्रचं. मुसलमान ज्या रीतीने खिज़्रला मानतात त्या रीतीनेच हे समजून घ्यावं लागेल, असं त्याचं म्हणणं. नऊशे वर्षांपूर्वीच्या या आलिमला कोणी बुतखान्यात का गेलास म्हणून विचारलं असेल का? आणि २००१ च्या मार्चमध्ये बामियानच्या मूर्ती सुरुंगाने उडवणाऱ्यांनी त्याचं पान कधी उघडलं असेल का? तिथले हजारा मुसलमान त्या मूर्तींना सलसाल आणि शाहमामा म्हणत. शतकानुशतकं त्या मूर्तींच्या पायाशी त्यांची शेतं होती. त्यांचं इमान त्यामुळे कमी झालं नव्हतं.

हे झालं शब्दांचं. त्या मुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. खुदा नाही, आणि बौद्ध मतात तर टिकून राहणारा आत्माही नाही. मग 'अध्यात्म' म्हणजे काय उरलं? आपण उर्दूत 'रूहानियत' म्हणतो, त्यात रूह आहे. मराठीत 'अध्यात्म' म्हणतात, त्यात आत्मा आहे. कोंढाण्याच्या भिक्खूंकडे दोन्ही नव्हतं. पण मैत्री, करुणा, दुसऱ्याच्या सुखात सुख मानणारी मुदिता आणि सुखदुःखात तोल न सोडणारी उपेक्षा, या चार गोष्टी मनात मुरवण्यासाठी ते आयुष्य घालवत. पावसाळ्यात चैत्याच्या डोक्यावरून धबधबा कोसळतो. चार महिने त्या ओलीत बसून माणूस स्वतःच्या रागाशी आणि हावेशी झगडत असेल तर त्याला आपण काय म्हणणार? आपल्याकडे सूफी मंडळी यालाच नफ्सशी लढणं म्हणतात.

तिथे एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कान्ह याचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच त्याचा अर्थ. 'शिष्य' याला तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ गुरूजवळ राहणारा. त्यात देवाचं नाव नाही, स्वर्गाची मागणी नाही, दात्याचं पुण्य नाही. आधी उस्तादाचं नाव, मग स्वतःचं. शिक्षक म्हणून आम्हाला तो लेख फार आवडतो, हे कबूल केलं पाहिजे. दोन हजार वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याने आमचं नाव कुठे कोरलं नाही तरी चालेल, पण नाव घेताना त्याचा हात थोडा थांबावा, असं मनात येतंच.

आता हा प्रश्न केवळ लेण्यांचा नाही. कर्जत-खालापूरच्या गावांमधून आमचे बौद्ध शेजारी आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे जाऊन विचारपूर्वक असा धर्म घेतला, ज्यात ईश्वर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्याच्या एकोणतीस वर्षं आधी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पेटलं होतं. (खालापूर तालुक्यातलं वरदविनायकाचं महड वेगळं आणि हे महाड वेगळं. बाहेरचे लोक नेहमी घोटाळा करतात.) मार्च १९२७ मध्ये मार खाणाऱ्या सत्याग्रहींपैकी काहींना तिथल्या मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी कोणी जागा द्यायला तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. त्याने आधी समोरच्याचा अकीदा तपासला नव्हता. ही गोष्ट आमच्या मुलांच्या तोंडी असायला हवी. किती जणांच्या आहे?

शेजाऱ्यांचं नास्तिक्य सोसणं मात्र सोपं असतं. घरातलं सोसणं अवघड. म्हणून आता हमीद दलवाईंचं नाव घेणं भाग आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा कोकणी मुसलमान, जन्म १९३२. 'लाट'मधल्या कथा, 'इंधन' ही कादंबरी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने गेले तेव्हा पंचेचाळीशीही पुरी झाली नव्हती. धर्मविधी न करता आपलं दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती आणि तसंच झालं. आमच्या समाजात अजूनही त्यांचं नाव खालच्या आवाजात निघतं, आणि बहुधा त्या दहनावरूनच निघतं. सात बायकांवरून निघत नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला, त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कोणालाच ते आठवले नाहीत.

दलवाईंचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. आमच्या मते, पहाटे उठून वजू करणाऱ्या गरीब बाईला त्या दोन रकअतींतून काय मिळतं, हे त्यांनी नीट पाहिलं नाही. नवऱ्याने टाकलेली बाईही मुसल्यावरच रडते. पण जिला कोणी विचारत नव्हतं त्या बाईसाठी हा न मानणारा माणूस उन्हात चालला आणि मानणारे आम्ही घरात बसलो, हे नाकारायचं कसं?

आपली परंपरा एवढी हळवी नव्हती. इमाम गझाली बगदादच्या निजामियात शिकवत होते. सगळं काही होतं, मान होता, शेकडो विद्यार्थी होते. १०९५ साली त्यांची अशी अवस्था झाली की, शिकवायला बसले तरी तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी मदरसा सोडला, दमिश्क, बैतुल मुकद्दस असे फिरत राहिले. त्याआधी तरुणपणी डोळ्यांवर आणि बुद्धीवरसुद्धा विश्वास ठेवायचा की नाही, अशा संशयात ते सुमारे दोन महिने होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. संशय लपवला नाही. त्यांच्या आधीचा सीरियातला आंधळा कवी अबुल अला मअर्री तर सगळ्याच मजहबांवर उघड टीका करी. मांसच काय, दूध, अंडी, मधसुद्धा खात नसे, कारण त्यात जनावरांवर जुलूम होतो. लोक त्याच्या गावी जाऊन त्याच्याकडे शिकत. १०५७ साली तो वृद्ध होऊन आपल्या घरात मेला. त्याच्या पुतळ्याचं डोकं उडवलं गेलं ते २०१३ साली.

आपल्या मराठी मुलखातले शेख महंमद श्रीगोंद्याचे. (त्या बाजूलाही एक कर्जत आहे, नगरकडचं, आमचं नव्हे.) त्यांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' पुरा केला. त्या माणसाने खुदा सोडला नाही आणि विठ्ठलभक्तांशी बोलणंही सोडलं नाही. दोन्हीकडचे लोक त्यांना आपलं म्हणतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रं चढेनात, म्हणून पावसात, चिखलात, हातांनी माती उपसली गेली. ज्यांनी ती उपसली त्यांत कोण काय मानत होतं, हे आम्हाला ठाऊक नाही. वर जाऊन आलेला आमच्या ओळखीचा एक तरुण अल्लाह-भगवान काहीच मानत नाही. तो आठवडाभर जेवला नाही नीट. आम्ही घरी दुआ मागत होतो. त्या दुआचा आम्हाला आधार होता, आणि त्याच्या सोललेल्या हातांकडे पाहून आम्हाला आमची लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

शेवटी आमच्या मामूंबद्दल. ते खोपोलीकडे कारखान्यात होते, युनियनमध्ये होते, आणि तरुणपणीच त्यांचा नमाज सुटला. ईदलासुद्धा घरीच. कोणाशी वाद नाही, फक्त म्हणायचे, "मुझे नहीं पता, और जो नहीं पता वो मैं बोलता नहीं." पण गावात मय्यत झाली की, कब्रस्तानात फावडं घेऊन पहिले हजर. आमच्याकडे पावसाळ्यात कबर खणणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खणता खणता पाणी भरतं. मामू गुडघाभर पाण्यात उतरून बालदीने ते उपसत. ज्यांची कबर खणली त्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यभर त्यांना बेदीन म्हटलं होतं.

मामू गेले तेव्हा जमातीत कुजबुज झाली, यांचा जनाजा पढायचा का? त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं, दलवाईंसारखं सांगूनही ठेवलं नव्हतं. दुपारपर्यंत निर्णय होईना. अम्मी एका कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसल्या होत्या, त्या कोणाशीच बोलल्या नाहीत. अखेर एक म्हातारे चाचा उठले, ज्यांच्या मुलाची कबर मामूंनी भर जुलैत खणली होती. ते म्हणाले, "सफ़ बनाओ." सफ झाली. आम्हीही उभे राहिलो. चार तकबीर झाल्या.

तो जनाजा मामूंसाठी होता की आमच्यासाठी, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. सातवीतली ती मुलगी आता कर्जतच्या कॉलेजात आहे. परवा स्टेशनावर भेटली, सलाम केला, आणि विचारलं, "सर, वो कोंढाणे वाला जवाब मिला क्या?"

आम्ही म्हणालो, "पावसाळा संपला की पुन्हा एकदा जाऊ."