कोर्टात उभा राहिलेला पक्षी

ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एक जहाज लागलं. पॅरिसमध्ये राहणारा रोमानियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी याची शिल्पं त्यात होती. एका पेटीतून निघाली ब्राँझची एक उंच, निमुळती, आरशासारखी चकचकीत वस्तू. नाव 'अवकाशातला पक्षी'. पण पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत.

कस्टम्सवाल्यांपुढे पेच पडला. अमेरिकेत कायद्यानं मूळ शिल्पावर जकात नव्हती, धातूच्या वस्तूवर ४० टक्के होती. त्यांनी पक्ष्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्यातलं साहित्य यांच्या रांगेत बसवलं. किंमत ६०० डॉलर, जकात २४०. प्रकरण कोर्टात गेलं.

सरकारची बाजू वाटते तितकी हास्यास्पद नव्हती. १९१६ च्या एका निकालात शिल्पाची व्याख्या ठरून गेली होती: निसर्गातल्या गोष्टींची, मुख्यतः मानवी देहाची, प्रमाणबद्ध प्रतिकृती. या मापानं हा पक्षी नापासच होता. हीच व्याख्या टिकली असती, तर प्रतिकृती न करणारं प्रत्येक शिल्प अमेरिकेच्या दारात 'माल' ठरलं असतं.

हे शिल्प विकत घेणारा छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन साक्षीला उभा राहिला. त्याला विचारलं गेलं, हे जंगलात दिसलं तर पक्षी समजून गोळी झाडाल का? तो म्हणाला, नाही. मग याला पक्षी का म्हणायचं? शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा इजिप्तमधला दगडी ससाणा कोर्टात दाखवला. त्यालाही पिसं कोरलेली नव्हती, तरी तो शिल्प नाही असं कुणी म्हणत नव्हतं. एखादा चांगला कारागीर घासून-पुसून असा पक्षी बनवू शकणार नाही का, हाही प्रश्न आला. उत्तर मिळालं: पॉलिश तो करेल, पण ही वस्तू त्याला सुचणार नाही.

२६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल लागला. ब्रांकुशी जिंकला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा सारांश असा: निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना मांडणारा एक नवा पंथ तयार झाला आहे. तो आम्हाला पटो वा न पटो, त्याचं अस्तित्व नाकारता येत नाही.

निकालातली खरी गोष्ट ही 'पटो वा न पटो'. 'ही कला आहे का' आणि 'मला ही आवडते का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कोर्टानं ओळखलं. आपण मात्र ते सर्रास एकत्र करतो. प्रदर्शनात एखाद्या चित्रापुढे 'हे तर माझा भाचापण काढेल' म्हणतो, तेव्हा आपल्याला ते आवडलेलं नसतं. तेवढ्यावर आपण त्याला कलेच्या बाहेर काढून मोकळे होतो. न आवडण्याचा हक्क आपला आहेच. पण तो निकाल चित्रावरचा नसतो, आपल्या आवडीवरचा असतो.

गंमत म्हणजे 'हुबेहूब' ही आपली एकमेव कसोटी कधीच नव्हती. गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला म्हसोबा किंवा देवीचा तांदळा यांना नाक-डोळे कुठे असतात? तिथे हात जोडताना कुणी साम्य शोधत नाही. चित्राकडे वळलो की मात्र लगेच फोटोची अपेक्षा धरतो.

ब्रांकुशीच्या पक्ष्याला हे कळणारं एक घर मिळालं, तेही मराठी राजघराण्याचं. इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच मालिकेतले तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः भारतात आला. मंदिर काही झालं नाही. संगमरवराचे ते दोन पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. पंख, चोच, पाय यांतलं त्यांनाही काहीच नाही.