बालसैनिक, विज्ञानकथांतील
विज्ञानकथांतील युद्धांत कोवळ्या मुलांना सैनिक किंवा सेनापती करण्याची कल्पना. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एन्डर्स गेम' ही कादंबरी (१९८५, मूळ कथा १९७७). कीटकसदृश परग्रहवासीयांशी लढण्यासाठी ६ वर्षांच्या एन्डर विगिनला अंतराळातील युद्धशाळेत नेतात. तेथील गुरुत्वहीन दालनात प्रकाशबंदुकीचा नेम लागला की पोशाखाचा तेवढा भाग ताठरतो. एन्डर पाय दुमडून पुढे धरतो आणि ताठरलेल्या पायांचीच ढाल करतो. अखेरची 'परीक्षा' खरी लढाई होती आणि आपण एक अख्खा ग्रह नष्ट केला, हे त्याला जिंकल्यावर कळते. मोठ्यांचा हिशेब साधा : खेळ समजून लढणारे मूल कचरत नाही. एन्डरला निर्दोष ठरवण्याची लेखकाची धडपड मात्र जरा जास्तच जाणवते.

जपानी ॲनिमेत 'मोबाइल सूट गंडम' (१९७९) पासून किशोरवयीन मुले अजस्र युद्धयंत्रे चालवतात. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' (१९९५) मधल्या १४ वर्षांच्या शिंजीला तर बापच बोलावून घेतो. तो नकार देतो, तेव्हा त्याच्याऐवजी लढायला स्ट्रेचरवरून एक जखमी मुलगी आणली जाते.