स्कूबाचा रेग्युलेटर : पाणबुड्यांच्या पसंतीचे कोणते आणि घेताना काय बघायचं?

मालवण-तारकर्लीला पावसाळा संपला की स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटकांची गर्दी सुरू होते. आपल्या गावातली कितीतरी पोरं गाइड म्हणून या धंद्यात उतरली आहेत. थोडे पैसे जमले की 'स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा' हे त्यातल्या बऱ्याच जणांचं स्वप्न असतं. मोबाइलवर वापरलेला माल स्वस्तात दिसतो आणि मन भुलतं. पण ज्या वस्तूवर पाण्याखाली प्रत्येक श्वास अवलंबून आहे, ती घेण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

रेग्युलेटर करतो काय?

आधी एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात साध्या डायव्हिंगच्या टाकीत आपण श्वासात घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. तिच्यात ऑक्सिजन साधारण 21 टक्केच असतो.

भरलेल्या टाकीतला दाब सुमारे 200 बार असतो, म्हणजे कारच्या चाकातल्या हवेच्या जवळपास शंभर पट. इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येणार नाही. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर जसा दाब कमी करून शेगडीला गॅस देतो, तसंच काम इथे दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा टाकीच्या तोंडावर बसतो. तो दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त ठेवतो. दुसरा टप्पा तोंडात धरायचा असतो. आपण श्वास ओढला की त्यातला रबरी पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि त्या खोलीवर लागेल तेवढ्याच दाबाची हवा येते. समुद्रात दर 10 मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो, त्यामुळे हे जुळवून घेणं फार महत्त्वाचं.

गॅसच्या झडपेतून लागला शोध

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. तेव्हा गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या इंजिनिअरने एक झडप तयार केली होती. नौदलातले अधिकारी जाक कुस्तो यांच्यासोबत त्याने तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली. 1943 साली त्यांचं 'अ‍ॅक्वा-लंग' यंत्र पाण्यात उतरलं आणि आजच्या स्कूबाचा पाया घातला गेला.

जगभरातल्या डायव्हरना कोणते आवडतात?

स्कूबाप्रो एमके 25 : पिस्टनवर चालणारा नामांकित पहिला टप्पा. भरपूर हवा सहज देतो. जोडीला एस 600 किंवा धातूच्या नळीचा जी 260 हे दुसरे टप्पे लोकप्रिय आहेत.

एपेक्स एक्सटीएक्स मालिका : इंग्लंडची कंपनी. पहिला टप्पा डायाफ्रामचा आणि सीलबंद, त्यामुळे आतल्या भागांपर्यंत खारं पाणी आणि वाळू पोचत नाही. थंड पाण्यातले डायव्हर यावर फार विश्वास ठेवतात.

पोसायडन : स्वीडनची कंपनी. तोंडातला टप्पा नेहमीपेक्षा वेगळ्या, आडव्या घडणीचा असतो. वापरणारे दुसऱ्या कंपनीचं नाव काढू देत नाहीत.

अ‍ॅटॉमिक टी 3 : टायटॅनियमचा, म्हणून हलका आणि गंज न धरणारा. अनेक डायव्हरच्या स्वप्नातला रेग्युलेटर. किंमतही तशीच, साध्या रेग्युलेटरच्या कित्येक पट.

स्कूबाप्रो एमके 2 : दिसायला साधा, आत हलणारे भाग मोजकेच. टाकी संपत आली की श्वास किंचित जड लागतो. पण दणकट आणि दुरुस्तीला सोपा असल्यामुळे डायव्हिंग शाळांमध्ये तो वर्षानुवर्षं राबतो.

आपल्या समुद्राला कुठला चालेल?

महागड्या रेग्युलेटरचा पैसा बराचसा खोल आणि बर्फगार पाण्यासाठी मोजलेला असतो. 10 अंशांपेक्षा थंड पाण्यात पहिल्या टप्प्यावर बर्फ धरून झडप अडकू शकते. कोकणच्या समुद्रात हा प्रश्नच येत नाही. आपली अडचण वेगळी : गढूळ पाणी, बारीक वाळू आणि हंगामात रोजचा वापर. म्हणून आपल्याकडे खरा प्रश्न हा की सर्व्हिसिंग कुठे होणार आणि सुटे भाग मिळणार का? वेळेवर सर्व्हिस झालेला साधा रेग्युलेटर हा पाच वर्षं न उघडलेल्या टायटॅनियमच्या रेग्युलेटरपेक्षा केव्हाही चांगला.

जुना घेताना हे तपासा

- पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती हिरवट दिसली तर आत खारं पाणी गेलेलं आहे. असा माल सोडून द्या.
- नळ्या वाकवून बघा. टोकाशी चिरा असतील तर नळी बदलायचा खर्च धरा.
- सर्व्हिसची पावती मागा. त्या मॉडेलचं सर्व्हिस किट भारतात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.
- जोडणी बघा. 'योक' म्हणजे टाकीवर बाहेरून आवळायचा शिकंजा. 'डिन' थेट आट्यांवर बसतो. तुमच्या टाक्यांना बसणारा नसेल तर अ‍ॅडॅप्टर लागेल.

निगा कशी राखायची?

रोज काम संपल्यावर गोड्या पाण्यात धुवा. त्याआधी तोंडावरचं टोपण कोरडं करून घट्ट बसवा. पाण्यात असताना तोंडाच्या टप्प्यावरचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी नळीतून मागे पहिल्या टप्प्यात शिरतं. वाळवायला उन्हात टाकू नका, सावलीत ठेवा. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, म्हणजे मॉडेलप्रमाणे एक-दोन वर्षांत किंवा ठरावीक डाइव्हनंतर, प्रशिक्षित माणसाकडूनच सर्व्हिस करून घ्या. गॅरेजचा पाना आणि ग्रीस इथे चालत नाही.

पर्यटकांनी आणि गाइडनी पाण्यात उतरण्याआधी

टाकी चालू करून दाबाच्या काट्याकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्या. काटा एका जागी स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला मागे-पुढे होत असेल तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही, किंवा आत काहीतरी अडलं आहे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी वापरूच नका. तोंडातलं रबर फाटलेलं नाही ना, गाइडकडे जादा दुसरा टप्पा आहे ना, हेही बघा. तो बहुधा पिवळ्या रंगाचा असतो.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. बहुतेक रेग्युलेटर बिघडले तर हवा बंद पडण्याऐवजी सतत वाहू लागते. अशा वेळी घाबरून वर झेप घेऊ नका. गाइडला खूण करा, श्वास चालू ठेवा आणि त्याच्यासोबत सावकाश वर या. वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

हंगाम सुरू होण्याआधी होडीचं इंजिन आपण उघडून बघतोच. त्याच यादीत रेग्युलेटरचं नावही लिहून ठेवा.