मुद्दल, व्याज आणि दाढी

दाढी हे पुरुषाच्या मानगुटीवरचे न फिटणारे कर्ज आहे. आज हप्ता भरला, की उद्या सकाळी थकबाकी गालावर हजर! या थकबाकीवर एका फिरत्या विक्रेत्याने केवढी कमाई केली, हे आम्हाला कॉमर्सला कुणी शिकवले नाही.

गृहस्थाचे नाव किंग कॅम्प जिलेट. अमेरिकेत बाटल्यांची पत्र्याची बुचे विकायचा. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर. त्याने जिलेटला कानमंत्र दिला : गिऱ्हाइकाने वापरून फेकावी आणि पुन्हा दुकानात यावे, अशी वस्तू काढ. १८९५ साली दाढी करता करता जिलेटला ती वस्तू सुचली. वस्तरा परजत कशाला बसा? दांडा कायमचा ठेवायचा, पाते तेवढे बदलायचे! पण कागदासारख्या पातळ पोलादाला धार कशी आणायची, हे विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने सोडवीपर्यंत काही वर्षे गेली. १९०३ साली खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. एवढ्या विक्रीवर हा इसम आमच्या शाखेत कर्ज मागायला आला असता, तर साहेबांनी त्याला बसासुद्धा म्हटले नसते. पुढच्याच वर्षी ९० हजारांवर रेझर खपले! रेझर हे मुद्दल, पाती हे व्याज. आणि व्याज घरबसल्या येत राहिले.

आमच्या घरात मात्र पेंटरच्या मंत्रातले 'वापरा' ऐकू आले, 'फेका' नाही. पाते बोथट झाले, की तीर्थरूप ते काचेच्या पेल्याच्या आतून घासून त्याला आठवडाभराची मुदतवाढ देत. मग ते शिवण उसवायला आईच्या डब्यात जाई आणि तिथून पेन्सिलीला टोक करायला आमच्या कंपासपेटीत. निवृत्तीनंतर दोन-दोन नोकऱ्या!

१९७५ साली फ्रान्सच्या बिक कंपनीने प्लॅस्टिकच्या दांड्यातच पाते बसवून बाजारात आणले. चार दाढ्या करा आणि दांड्यासकट फेका. म्हणजे व्याजाबरोबर मुद्दलही केराच्या टोपलीत! हलका असतो, पाती बदलण्याची कटकट नाही, कापण्याची धास्ती कमी, एस.टी.च्या प्रवासाला मीही तोच नेतो. नाही कशाला म्हणू? पण त्याच्याने ना शिवण उसवत, ना पेन्सिलीला टोक होत. प्लॅस्टिक आणि पोलाद यांची अशी गाठ मारलेली, की भंगारवालाही हात लावत नाही. पेंटरचा मंत्र आमच्या घरात ऐंशी वर्षांनी सिद्ध झाला तो असा.

तीर्थरूपांचा रेझर मात्र अजून आहे. दर साली घसारा धरला, तर त्याची पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झाली. पण ही शून्य किमतीची मालमत्ता दुसऱ्या पिढीची दाढी रोज बिनतक्रार करते, ही नोंद कुठल्या खात्यात टाकायची, ते एकदा ऑडिटरलाच विचारायला हवे.