अंधारापूर्वीचे पंधरा दिवस

विजेचे बिल हा काय इतिहासाचा विषय आहे, असे कित्येक श्रोत्यांना वाटेल. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे यांचीच आपल्याला सवय. परंतु घरातला दिवा कोणी आणि केव्हा विझवावा, यालाही इतिहास आहे. तो आम्ही १९१० सालापासून सांगणार आहोत.

त्या वेळी मुंबईतही वीज नवलाचीच होती. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातील वीज शहरात यावयास १९१५ साल उजाडावयाचे होते. अशा काळात सरकारने भारतीय वीज कायदा केला. त्याच्या चोविसाव्या कलमाने थकबाकीदाराचा पुरवठा तोडण्याचा अधिकार वीज पुरविणाऱ्यास दिला. बाकीसाठी दावा लावण्याची मुभा त्याला होतीच.

हा अधिकार साधा नव्हे. वाण्याने उधारी बंद केली तर माणूस शेजारच्या दुकानी जातो. विजेचे दुकान मात्र गावात एकच. म्हणून कायद्याने एक अट घातली: तोडण्यापूर्वी निदान सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. ‘पूर्ण’ याचा अर्थ असा की, नोटीस मिळाल्याचा दिवस आणि पुरवठा तोडण्याचा दिवस त्यात धरावयाचा नाही. नोटिशीपूर्वीच वाद विद्युत निरीक्षकाकडे गेला असेल, तर निकालापर्यंत तारेला हात लावावयाचा नाही.

पुढे मालक बदलले. १९४७ साली मुंबईचा वीजपुरवठा महापालिकेकडे आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. अट मात्र कायम राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वीजपुरवठा ही ‘सेवा’ मानली आणि सामान्य माणसाला दाद मागण्याचे आणखी एक दार उघडले.

२००३ च्या वीज कायद्याने सातांचे पंधरा दिवस केले. छप्पन्नाव्या कलमातील आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बिलाविषयी वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दुसरे असे की, बाकी प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे लोटली आणि ती बिलात सतत दाखविली गेली नसेल, तर तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. शिवाय तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल यांची सोय याच कायद्याने केली.

आता कोणी विचारील, हे सारे बुडव्यांना पाठीशी घालणे नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वापरलेल्या विजेचे पैसे द्यावयासच हवेत, हे कोणत्याही कलमाने नाकारलेले नाही. कायदा एवढेच म्हणतो की, अंधार करण्यापूर्वी माणसाला बोलण्यास अवसर द्या. २०२० साली टाळेबंदीत मीटरवाचन थांबले, सरासरीने बिले आली, आणि जूनमध्ये अनेक घरांत एकदम मोठे आकडे येऊन थडकले. तेव्हा या अवसराची किंमत पुष्कळांना कळली.

दुर्दैव असे की, आपल्याकडे नोटीस म्हणजे बेअब्रू. ती फडताळात दडवली जाते आणि बोलावयाचे दिवस मुकाट्याने निघून जातात. जो हक्क वापरला नाही, तो कागदावरच राहतो.

आज स्मार्ट मीटरमुळे कचेरीत बसूनही पुरवठा तोडता येतो. दारात वायरमन येण्याची, त्याला दोन शब्द सांगण्याची गरज उरत नाही. आधी पैसे आणि मग वीज अशा मीटरवर तर थकबाकीच नाही. मग थकबाकीसाठी मिळविलेल्या त्या पंधरा दिवसांचे काय? सातांचे पंधरा व्हावयास त्र्याण्णव वर्षे लागली. पंधरांचे शून्य एका यंत्राने होऊ नये, एवढी जागरूकता आपण नागरिकांनी ठेवली पाहिजे.